मेजर ध्यानचंद यांचे जीवन आणि आपल्या मुलांची हॉकी



ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की शाळाशाळांतून एकच भाषण ऐकू येतं. २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन, मेजर ध्यानचंद यांची जयंती. हॉकीचे जादूगार, तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं, स्टिकमध्ये चुंबक आहे की काय म्हणून केलेली तपासणी, आणि शेवटी तो बर्लिनमधला पडलेला दात. पाच मिनिटांत भाषण संपतं, टाळ्या होतात, मुलं वर्गात जातात. मीही हे भाषण कितीतरी वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. मी मुळात मराठीची शिक्षिका. शाळेत क्रीडाशिक्षकाचं पद रिकामं झालं तेव्हा खेळाचा तास माझ्याकडे आला, आणि त्याच्यासोबत कपाटातल्या जुन्या हॉकी स्टिकाही आल्या.

दोन वर्षांपूर्वी परिपाठात मी दाताची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. जर्मन गोलरक्षकाची धडक बसली, दात पडला, तरी आपला कॅप्टन खेळतच राहिला. पुढच्याच आठवड्यात सरावाच्या वेळी आमच्या मुरमाच्या मैदानावर एक चेंडू उसळला आणि सहावीतल्या एका मुलीच्या तोंडावर बसला. तिनं पाठ फिरवली, बाहीनं तोंड पुसलं आणि खेळत राहिली. मी वीस-पंचवीस पावलांवर होते. मला कळलंसुद्धा नाही. संध्याकाळी घरी आईनं बघितलं तर ओठ फाटलेला आणि पुढच्या दाताचा तुकडा उडालेला. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आली. ती भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं की लागलं तर सांगायचं नाही, असं पोरीला कोणी शिकवलं. मुलगी म्हणत होती की ध्यानचंद पण थांबले नव्हते.

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी ध्यानचंद यांचं चरित्र नीट वाचायला बसले, आणि लक्षात आलं की मी गोष्ट अर्धीच सांगितली होती. ध्यानचंद थांबले होते. दात पडल्यावर ते मैदानाबाहेर गेले, उपचार घेतले आणि मगच परत आले. भाषण चटपटीत व्हावं म्हणून तेवढंच वाक्य आपण गाळत आलोय. त्यामुळे यंदा तुमच्यासाठी हे चरित्र जरा सविस्तर लिहिते आहे. भाषणासाठी उपयोग होईलच, पण मैदानावर जास्त व्हावा अशी इच्छा आहे.

ध्यान सिंह यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ चा, अलाहाबादचा, म्हणजे आताच्या प्रयागराजचा. वडील सोमेश्वर सिंह लष्करात होते आणि तिथे हॉकीही खेळायचे. लष्करातली नोकरी म्हणजे बदल्या आल्याच. आज इथे तर उद्या तिथे. या फिरतीत ध्यानचं शिक्षण सहा इयत्तांच्या पुढे गेलं नाही. शेवटी कुटुंब झाशीला स्थिरावलं आणि ध्यानचंद जन्मभर झाशीचेच राहिले. आपल्या मुलांना झाशी राणी लक्ष्मीबाईंमुळे ठाऊक असते. तिथे मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताकडून खेळलेला तुषार खांडेकर याच झाशीचा. आडनाव बघा! वर्गात हे सांगितलं की झाशी मुलांना एकदम जवळची वाटायला लागते.

आता पालकांनो, इथे जरा थांबा. हा मुलगा लहानपणी हॉकी खेळत नव्हता. आठवणीत राहावी अशी हॉकी आपण लष्करात जाईपर्यंत खेळलोच नव्हतो, असं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय. त्यांना आवड होती कुस्तीची. सोलापूर-कोल्हापूरकडच्या माणसाला कुस्ती म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तालमीत पोरगं आधी पडायला शिकतं, मग पाडायला. गुडघे वाकवून खाली बसणं, तोल सांभाळणं, समोरच्याच्या अंगाची हालचाल ओळखणं हे सगळं त्यात येतं. पुढे हॉकीत त्यांच्या कामी यातलं नेमकं काय आलं ते मोजून सांगता येणार नाही. पण हॉकीही वाकूनच खेळायची असते, आणि कमरेत न वाकणाऱ्या मुलाला चेंडू अडवता येत नाही, हे मी रोज बघते.

हे सांगायचं कारण, दर जूनमध्ये दोन-तीन पालक येतात आणि विचारतात की मुलगा नऊ वर्षांचा झाला, आता उशीर तर नाही ना झाला? काहींच्या डोक्यात दहावीचे सवलतीचे क्रीडा गुण असतात, ते आतापासूनच. त्यांना मी सांगते की जगातल्या सर्वांत नामांकित हॉकीपटूनं स्टिक गंभीरपणे हातात घेतली ती मिसरूड फुटल्यावर. नऊ वर्षांच्या मुलाला पळू द्या, झाडावर चढू द्या, लंगडी, खो-खो, कुस्ती, पोहणं जे मिळेल ते करू द्या. हॉकीसुद्धा खेळू द्या, पण इतर खेळांसारखीच एक म्हणून.

१९२२ मध्ये सतराव्या वर्षी ध्यान सिंह साधे शिपाई म्हणून ब्राह्मण रेजिमेंटमध्ये भरती झाले. लवकरच लष्कराची फेररचना झाली आणि या पलटणीचं नाव पंजाब रेजिमेंट झालं. तिथे सुभेदार मेजर बाले तिवारी हे हॉकीचे शौकीन होते. त्यांनी या पोराच्या हातात स्टिक दिली आणि खेळाचे पहिले धडे दिले. दिवसा ड्यूटी असायची. त्यामुळे हा मुलगा रात्री चंद्र उगवायची वाट बघायचा आणि चांदण्यात एकटाच चेंडू घेऊन सराव करायचा, असं सांगतात. विजेचे दिवे नव्हते. सोबती त्याला चांद म्हणायला लागले आणि ध्यान सिंहचा ध्यानचंद झाला, अशी नावाची कथा आहे.

चांदण्यातल्या या सरावात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथे शिट्टी नव्हती, गुणफलक नव्हता, बघायला कोणी नव्हतं. अंधुक उजेडात चेंडू धड दिसत नाही, त्यामुळे तो स्टिकला चिकटवूनच न्यावा लागतो. जोरात मारला तर शोधत बसावं लागणार! जोर लावायची सोयच नव्हती म्हणा ना. पुढे जगानं ज्याला जादू म्हटलं ती चेंडू ताब्यात ठेवण्याची कला होती. ध्यानचंद अंगानं काही धिप्पाड नव्हते. जोरदार फटका ही त्यांची ओळख कधीच नव्हती. चेंडू अडवायचा, स्टिकपाशी ठेवायचा, आणि आपल्यापेक्षा बरी जागा असलेल्या सोबत्याला द्यायचा, हा त्यांचा खेळ.

आमच्याकडे नेमकं उलटं चालायचं. स्टिक हातात आली की पोरं पहिल्याच दिवशी ती डोक्यावर नेऊन फटका मारतात. टीव्हीवर तेच बघितलेलं असतं. चेंडू कुठेतरी जातो, बाकीची वीस पोरं त्याच्यामागे पळतात, आणि तासभरात एकेकाच्या वाट्याला चेंडू चार-पाच वेळा येतो. धूळ मात्र सगळ्यांच्या नाकात. आता मी पहिले तीन महिने फटका बंदच ठेवते. फक्त पुश, म्हणजे स्टिक चेंडूला टेकवून ढकलायचं. मैदानाचे फक्की मारून चार तुकडे करते, प्रत्येक तुकड्यात चार विरुद्ध चार. गोलरक्षक नाही, दोन विटा म्हणजे गोल. गोल करण्याआधी तीन जणांनी तरी चेंडू खेळलेला पाहिजे, एवढाच नियम. पहिल्या आठवड्यात पोरं कुरकुरतात. मग त्यांना गंमत कळते, आणि तास संपल्याची घंटा झाली तरी हटत नाहीत.

पुढची चार वर्षं ध्यानचंद फक्त लष्करातल्या स्पर्धा खेळत होते. चार वर्षं! १९२६ मध्ये भारतीय लष्कराचा संघ न्यूझीलंडला गेला, त्यात त्यांची निवड झाली. संघानं २१ सामने खेळले, १८ जिंकले, दोन बरोबरीत सुटले आणि एक हरला. हे पोर काय चीज आहे ते तिथे सगळ्यांना कळलं. परत आल्यावर शिपायाचा लान्स नायक झाला.

मग १९२८, ॲमस्टरडॅम ऑलिम्पिक. इथे आपली मुंबई येते. भारताचा संघ बोटीनं मुंबईहून निघणार होता. जाण्याआधी मुंबईच्या निवडक संघाशी एक सामना झाला आणि त्यात हा ऑलिम्पिकचा संघ ३-२ असा हरला. हरलेल्या संघाला निरोप द्यायला कोण येणार? कैसर-ए-हिंद बोट सुटली तेव्हा धक्क्यावर फक्त तीन माणसं होती, आणि तीही हॉकी महासंघाचीच. त्याच संघानं ॲमस्टरडॅमला ऑस्ट्रियाला ६-०, बेल्जियमला ९-०, डेन्मार्कला ५-०, स्वित्झर्लंडला ६-० आणि अंतिम सामन्यात हॉलंडला त्यांच्याच घरी ३-० असं हरवलं. पाच सामने, २९ गोल, आणि अंगावर एकही नाही. चौदा गोल एकट्या ध्यानचंद यांचे. गोलरक्षक होते रिचर्ड ॲलन. भाषणांत त्यांचं नाव सहसा येत नाही, तुम्ही मुद्दाम घ्या. आमच्या शाळेत गोलकीपर व्हायला कोणीच तयार नसायचं. ॲलन यांच्याबद्दल सांगितल्यावर दोन मुलं पुढे आली.

संघ परतला तेव्हा मात्र मुंबईच्या बंदरावर गर्दी लोटली होती. मार्चमध्ये त्या संघाला नावं ठेवणारे लोक आणि नंतर हार घेऊन आलेले लोक वेगळे नसणार. सामना हरून बसमधून परतताना आपल्या मुलांचे चेहरे बघा, आणि त्याच बसमध्ये मागच्या सीटवरून कोण कोणाला काय बोलतंय तेही कान देऊन ऐका. मुंबईच्या त्या सामन्याची गोष्ट मी बसमध्ये सांगते. परिपाठापेक्षा तिथे जास्त पोचते.

१९३२ चं लॉस एंजेलिस ऑलिम्पिक बहुतेक भाषणांत सगळ्यात वर असतं. भारतानं अमेरिकेला २४-१ असं हरवलं. धाकटे भाऊ रूप सिंह यांचे दहा गोल, ध्यानचंद यांचे आठ. आकडा खराच डोळे दिपवणारा आहे. पण त्या स्पर्धेत हॉकीचे संघ तीनच होते, भारत, जपान आणि अमेरिका, आणि अमेरिकेत हॉकी अगदी नवखी होती. मला हा आकडा मुलांपुढे फार मिरवावासा वाटत नाही. तालुक्याच्या स्पर्धेत असे सामने आपण सगळ्यांनीच पाहिलेत. एक शाळा वर्षानुवर्षं खेळणारी, दुसरीनं स्पर्धेसाठी म्हणून अकरा मुलं गोळा केलेली. १४-० झालं तरी बाहेरून अजून मारा, अजून मारा. हरलेल्या शाळेतली निम्मी मुलं पुढच्या वर्षी स्टिकला हात लावत नाहीत. जिंकलेल्यांनाही त्यातून काही नवीन येत नाही. आम्ही जवळच्या एका शाळेशी बोलून ठरवलंय की मैत्रीपूर्ण सामन्यात पाच गोलांचा फरक पडला की संघ मिसळायचे आणि उरलेला वेळ पुढे खेळायचं. पहिल्यांदा पालकांना हे पटलं नाही. मुलांनी मात्र पाच मिनिटांत मान्य केलं.

आता बर्लिन, १९३६. ध्यानचंद कर्णधार झाले होते. स्पर्धेआधी १७ जुलैला जर्मनीशी सरावाचा सामना झाला आणि भारत ४-१ असा हरला. ही हार ध्यानचंद यांच्या मनाला फार लागली होती. प्रत्यक्ष स्पर्धेत हंगेरीवर ४-०, अमेरिकेवर ७-०, जपानवर ९-०, उपांत्य सामन्यात फ्रान्सवर १०-०, आणि अंतिम फेरीत समोर पुन्हा जर्मनी. १४ ऑगस्टला सामना व्हायचा होता, पण पावसानं मैदान भिजलं म्हणून तो १५ ऑगस्टला झाला. त्या वेळी १५ ऑगस्ट ही साधीच तारीख होती. सामन्याआधी खोलीत पंकज गुप्ता यांनी तिरंगा काढला आणि सगळ्या खेळाडूंनी त्याला वंदन केलं. इंग्रजांच्या झेंड्याखाली खेळायला गेलेली ही मुलं. इतिहासाच्या तासाला हा प्रसंग जरूर वापरा.

मध्यंतराला भारत फक्त १-० असा पुढे होता. ओल्या मैदानावर खिळ्यांचे बूट नीट चालत नव्हते. दुसऱ्या डावात ध्यानचंद यांनी बूट-मोजे काढले आणि रबरी तळव्यांवर खेळले. मग गोलांची रांग लागली आणि सामना ८-१ असा संपला. पूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला तो एकमेव गोल. बुटांची ही गोष्टही सांगताना जपून सांगा. एकदा मी ती सांगितली आणि दुसऱ्या दिवशी तीन मुलं अनवाणी सरावाला उभी! बर्लिनचं मैदान गवताचं होतं, आपला मुरूम आहे. शिवाय समोरच्याची स्टिक पायाच्या बोटांवर बसली की नख जातं. साधे कॅनव्हासचे बूट चालतील, पण पाय झाकलेले हवेत.

आणि तो दात. जर्मन गोलरक्षकाशी जोराची धडक झाली आणि ध्यानचंद यांचा दात पडला. ते बाहेर गेले, उपचार झाले, ते परत आले. परतल्यावर त्यांनी सोबत्यांना सांगितलं म्हणे की आता गोल करायचा नाही, यांना चेंडूवरचा ताबा दाखवायचा. मग भारतीय खेळाडू चेंडू जर्मनांच्या डी पर्यंत न्यायचे आणि गोल न मारता परत मागे आणायचे. हा प्रसंग अगदी असाच घडला की सांगता सांगता थोडा खुलला, यावर मी भांडणार नाही. पण ध्यानचंद यांच्या नावानं लोकांनी जपलेला राग कसा आहे ते बघा. धडक देणाऱ्याला धडक नाही, स्टिकचा फटका नाही. चेंडू त्याच्या हाती लागू द्यायचा नाही, बस.

आता त्या दाताबद्दल चार शब्द, कारण हे मला त्या दिवशी माहीत असतं तर बरं झालं असतं. हॉकीचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, म्हणजे क्रिकेटच्या सीझन बॉलच्या वजनाचा, आणि तितकाच कडक. बारा वर्षांखालच्या मुलांना आम्ही तो देतच नाही. टेनिसचा किंवा पोकळ प्लॅस्टिकचा चेंडू चालतो, अडवायचं कौशल्य त्यावरही येतं. खरा चेंडू आला की नडगीचे पॅड आणि दातांवर बसवायचं गार्ड, दोन्ही आलंच. गार्ड खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतं, गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं. गोलरक्षकाला पूर्ण सामान नसेल तर गोलरक्षक ठेवायचाच नाही, विटांचा छोटा गोल करायचा. स्टिक मुलाच्या कमरेइतकी असावी. दादाची जुनी लांब स्टिक धाकट्याला दिली की ती त्याला आवरत नाही आणि शेजारच्याला लागते. समोर कोणी पाच मीटरच्या आत असताना चेंडू त्याच्या अंगावर उचलायचा नाही, हा नियमच आहे. लहानांच्या खेळात मी तो आणखी कडक करते. गुडघ्यावर चेंडू उडाला की खेळ थांबला.

आणि तरीही लागलंच तर? कायमचा दात मुळासकट पडला असेल तर तो पांढऱ्या बाजूनं धरायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही. जमलं तर लगेच त्याच्या जागी बसवायचा, नाहीतर थंड दुधात ठेवायचा आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्य गाठायचा. दात पुन्हा रुजण्याची शक्यता असते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो. दाताचा तुकडा उडाला तर तोही शोधून सोबत न्यायचा, कधीकधी तो चिकटवता येतो. आमच्या मुलीचा तुकडा मैदानातच कुठेतरी राहिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी-तिघी मुरमात वाकून शोधत होतो, पण पांढऱ्या खड्यांत तो काय सापडणार. डॉक्टरांनी दातासारखं मसाल्याचं टोक करून दिलं, छान दिसतं. डोक्याला मार लागला असेल तर मूल कितीही बरं आहे म्हणालं तरी त्या दिवशी खेळ बंद. उलटी, गरगरणं, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना.

चुंबकाची गोष्ट, गोलपोस्टची रुंदी मोजायला लावल्याची गोष्ट, हिटलरनं जर्मन सैन्यात बोलावल्याची गोष्ट, या दंतकथा म्हणून सांगा. मुलांना आवडतात. फक्त त्या इतिहास म्हणून भाषणात घालू नका.

ऑलिम्पिक संपलं तरी ध्यानचंद यांची नोकरी लष्करातलीच होती. दुसरं महायुद्ध आलं, १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिक झालीच नाहीत. त्यांच्या खेळाची किती वर्षं त्यात गेली! १९४७-४८ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले आणि तिथेही गोल करत राहिले. १९५२ मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, नाव गोल. १९५६ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी हॉकीचे मुख्य प्रशिक्षक म्हणून काम केलं. तीन सुवर्णपदकांचा मानकरी नवशिक्यांना चेंडू कसा अडवायचा ते शिकवत होता.

पालकांनो, घरातले ध्यानचंद कसे होते? आपल्या मुलांनी हॉकी खेळावी असा आग्रह तर सोडाच, ते त्यांना परावृत्त करायचे. हॉकीनं पोट भरत नाही, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. तरी अशोक कुमार खेळलेच. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या संघात ते होते, आणि १९७५ मध्ये क्वालालंपूरच्या विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामन्यात भारताला २-१ असा विजय मिळवून देणारा गोल त्यांचाच. जगात हॉकीचं सर्वांत मोठं नाव ज्या घरात होतं, तिथे मुलाला ढकलावं लागलं नाही. ढकललं असतं तर काय झालं असतं कोण जाणे. मला स्वतःला ध्यानचंद यांचा नकारही पूर्ण पटत नाही, मुलाचं मन दुखलं असणारच. पण रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभं राहून मुलाच्या नावानं ओरडणाऱ्या बाबांपेक्षा तो बरा.

३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीच्या एम्समध्ये यकृताच्या कर्करोगानं त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार झाशीला झाले, झाशी हीरोज क्लबच्या मैदानावर, जिथे ते आयुष्यभर खेळले. पुढे टपाल तिकीट निघालं, दिल्लीच्या राष्ट्रीय स्टेडियमला त्यांचं नाव मिळालं, २०२१ मध्ये खेलरत्न पुरस्कारही त्यांच्या नावाचा झाला. आपल्याकडे कोल्हापूरला आणि पिंपरीच्या नेहरूनगरला त्यांच्या नावाची हॉकी मैदानं आहेत. सहल त्या बाजूला गेली तर मुलांना कृत्रिम हिरवळीचं मैदान एकदा दाखवून आणा.

मैदान नाही, सामान नाही, असं म्हणणाऱ्यांना मी खडकीचं उदाहरण देते. चार ऑलिम्पिक खेळलेला आपला धनराज पिल्ले तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मातीच्या मैदानावर भावांबरोबर खेळून मोठा झाला, मोडक्या स्टिका आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन. गरिबीचं कौतुक म्हणून हे सांगत नाहीये. स्टिका चांगल्याच हव्यात, त्यासाठी आपण शाळा समितीपुढे भांडूच. पण खेळ सुरू व्हायला हिरवळीची वाट बघायला नको.

ती मुलगी आता आठवीत आहे. आईनं वर्षभर मैदानावर पाठवलं नाही आणि मी आग्रह धरला नाही. गेल्या जूनमध्ये दोघी आल्या. आईनं गार्ड कुठलं घ्यायचं ते विचारलं, मुलीनं मध्यभागी खेळायला मिळेल का ते विचारलं. आता लागलं की ती सगळ्यात आधी हात वर करते, कधीकधी नुसत्या खरचटण्यालाही. करू दे.

यंदा आमच्याकडे २९ ऑगस्टला भाषणं दोनच ठेवली आहेत. एक ध्यानचंद यांच्यावर, उपचारांच्या वाक्यासकट, आणि एक रिचर्ड ॲलन यांच्यावर. मग सगळे मैदानावर, ऊन चढायच्या आत. स्टिका बावीस आहेत आणि नावं चाळीस मुलांनी दिली आहेत, त्यामुळे वीस-वीसच्या दोन पाळ्या करू. पालकांपैकी कोणाला शिट्टी घेऊन उभं राहता येत असेल तर आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना कळवा. मुलांसोबत बूट आणि पाण्याची बाटली द्या. प्रथमोपचाराची पेटी आम्ही ठेवतो, आणि त्या दिवशी शाळेच्या फ्रीजमध्ये एक दुधाची पिशवीही असेल.